सिएस बेटांचा परवाना आणि चौघांचा ग्रुप: एक प्रकरण अभ्यास

स्पेनला शिकायला निघालेल्या मराठी मुलामुलींशी मी निघण्याआधी तासभर बोलतो. व्हिसा, घरभाडं, विमा, तिथे पोचल्यावर काढायचं परदेशी नागरिकाचं कार्ड, असं सगळं होतं आणि मग मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतंच, "सर, शनिवार-रविवार फिरता येतं ना?" येतं की. पण तिकीट काढलं की झालं, असं तिथे दर वेळी नसतं. ते समजावायला मी हे प्रकरण सांगतो. सहल एका शनिवार-रविवारची, माणसं चार, नुकसान थोडंच. तरीही माझ्याकडे आलेल्या प्रकरणांत मला हेच सगळ्यांत बोलकं वाटतं, कारण यात कुणी आळशी नव्हतं, कुणी बेफिकीर नव्हतं, आणि तरी पेच पडला.

ज्या मुलीने हे सांगितलं तिने ग्रुपमधले संदेश, तिकिटं आणि शेवटचा हिशेब मला दाखवला. नावं येऊ नयेत, एवढीच तिची अट. म्हणून चौघांना गावावरून ओळखू. ती स्वतः मालवणची. तिच्याच फ्लॅटमध्ये राहणारी दुसरी पुण्याची. तिसरी मेक्सिकोची आणि चौथा इटलीचा. चौघंही सांतियागो दे कोम्पोस्तेलाच्या विद्यापीठात मास्टर्स करणारी. विद्यापीठ १४९५ सालचं, गाव यात्रेकरूंचं, आणि पाऊस असा की कोकणातून आलेल्या मुलीलाही वर्षभर दप्तरात छत्री ठेवायची सवय लागली. जूनमध्ये परीक्षा संपल्या, ऊन पडलं, आणि सगळ्यांना एकदम समुद्र आठवला.

सांतियागो समुद्रापासून आत आहे. तिथून आगगाडीने तासाभरात विगो येतं. हे गॅलिसिया प्रांतातलं सगळ्यांत मोठं शहर आणि मोठं मासेमारी बंदर. विगोची खाडी, तिकडच्या भाषेत रिया, पश्चिमेला अटलांटिकमध्ये उघडते, आणि नेमकी त्या तोंडाशी सिएस बेटं आडवी उभी आहेत. तीन बेटं: उत्तरेचं मोंतेआगुदो, मधलं फारो, दक्षिणेचं सान मार्तिन्यो. पहिली दोन रोदास नावाच्या पांढऱ्या वाळूच्या पट्ट्याने जोडलेली आहेत. बेटांची पाठ महासागराकडे, तिथे सरळ तुटलेले कडे; पोट खाडीकडे, तिथे किनारे. २००७ साली ब्रिटनच्या गार्डियन वृत्तपत्राने रोदासला जगातल्या उत्तम किनाऱ्यांच्या यादीत पहिला नंबर दिला आणि तेव्हापासून उन्हाळ्यात तिथे जायला झुंबड उडते.

मात्र झुंबडीला तिथे मुभा नाही. सिएस, ओन्स, साल्वोरा आणि कोर्तेगादा हे चार द्वीपसमूह मिळून २००२ च्या जुलैत एक राष्ट्रीय उद्यान झालं. त्याचं क्षेत्र सुमारे ८,४८० हेक्टर, त्यातली जमीन जेमतेम १,२०० हेक्टर. बाकी सगळं पाणी. उद्यान जाहीर होऊन पाच महिने होत नाहीत तोच, १९ नोव्हेंबर २००२ ला 'प्रेस्टीज' नावाचं ७७,००० टन इंधनतेल घेऊन निघालेलं जहाज गॅलिसियाच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात दोन तुकडे होऊन बुडालं आणि डिसेंबरात ते काळं तेल सिएसच्या किनाऱ्यांना लागलं. खाडीतले कोळी होड्या घेऊन गेले आणि मिळेल त्या साधनाने, प्रसंगी हातांनी, तेलाचे गोळे उपसत राहिले. "नुन्का माइस", पुन्हा कधीच नाही, ही घोषणा त्या हिवाळ्यातली. या बेटांचा विषय निघाला की विगोची माणसं थोडी ताठ होतात ती का, हे समजायला एवढा इतिहास पुरे.

तर उन्हाळ्याच्या हंगामात एका दिवसासाठी सिएसला जाणाऱ्यांची मर्यादा दिवसाला १,८०० माणसं. २०१७ च्या उन्हाळ्यात मर्यादेपेक्षा जास्त तिकिटं विकली गेल्याचं उघड झालं, मोठा गोंधळ उडाला, आणि त्यानंतर प्रांतिक सरकारने, म्हणजे शुंताने, दोरी आपल्या हाती घेतली. आता दोन पायऱ्या आहेत. आधी शुंताच्या संकेतस्थळावर परवाना मागायचा. तो फुकट असतो, मात्र येणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक द्यावा लागतो. मग एक कोड येतो. तो कोड दाखवून बोटीचं तिकीट काढायचं, आणि तेही दोन तासांच्या आत. नाही काढलं तर आरक्षण आपोआप सुटतं आणि जागा पुन्हा सगळ्यांसाठी खुल्या होतात.

हे दोन तास लक्षात ठेवा.

मंगळवारची रात्र

बेत मालवणच्या मुलीचा होता. सुरुवातीला तिला परवान्याचं काही ठाऊक नव्हतं, आणि ते साहजिक होतं. तिच्या गावी सिंधुदुर्ग किल्ल्याला जायचं म्हणजे जेटीवर जायचं, रांगेत उभं राहायचं, होडी भरली की ती सुटते. पावसाळ्यात होड्या बंद, एरवी चालू. समुद्र तिच्या अंगणातला, त्यामुळे समुद्राच्या बाबतीत विचारपूस करावी असं तिला वाटलंच नाही. मेक्सिकोच्या मुलीने प्रयोगशाळेतल्या कुणाकडून तरी ऐकलं आणि ग्रुपवर टाकलं, "परवाना लागतो म्हणे." मग मालवणच्या मुलीने मंगळवारी रात्री जेवण झाल्यावर संकेतस्थळ उघडलं. शनिवारच्या जागा शिल्लक होत्या. इथपर्यंत उत्तम.

पुण्याच्या मुलीने त्याच दुपारी विगोत शुक्रवार रात्रीचं वसतिगृह ठरवून टाकलं होतं, पैसे परत न मिळणाऱ्या दरात, कारण तो स्वस्त होता. म्हणजे शनिवार पक्का समजून पैसे अडकले होते.

फॉर्ममध्ये चौघांचे क्रमांक हवे होते. दोघींचे लगेच भरले गेले. मेक्सिकोच्या मुलीनेही पाठवला. इटलीच्या मुलाने विचारलं, "माझ्या ओळखपत्राचा क्रमांक कशाला? कोण साठवणार तो? किती दिवस?" प्रश्न चुकीचा नव्हता. युरोपात वाढलेल्या मुलांना असे प्रश्न विचारायची सवय असते आणि कायदाही त्यांच्या बाजूचा असतो. आपल्याकडे लॉजवर खोली घेताना आधार कार्डाची झेरॉक्स काढून देताना आपण वरही बघत नाही. पण प्रश्नाला उत्तर मिळेपर्यंत तो जेवायला निघून गेला. शेवटी वैतागून त्याने क्रमांक पाठवला. कोड आला.

आता घड्याळ सुरू झालं होतं, आणि ते चौघांपैकी एकीलाच माहीत होतं. तिने ग्रुपवर कोड टाकला. खाली "दोन तासांत तिकीट काढायचंय" असंही लिहिलं. मी तो संदेश पाहिला आहे. तो दोन विनोदी स्टिकरांच्या मधे चेपून गेला आहे. त्यानंतरची चर्चा अशी: सकाळची पहिली बोट की दुसरी? परतायची कुठली? सांतियागोहून पहाटेच निघालो तर वसतिगृह लागणारच नाही ना? पण त्याचे पैसे तर भरलेत. बोटीचं जाऊन-येऊन तिकीट २५ युरोच्या आसपास, विद्यार्थ्यांना सवलत आहे का? इटलीचा म्हणाला, "उद्या सकाळी ठरवू, आत्ता मी थकलोय." पुण्याची म्हणाली, "मतदान घेऊ." मतदान घेतलं. दोन-दोन मतं पडली.

सकाळी मालवणच्या मुलीने कोड टाकला तर तो मेलेला होता. पुन्हा परवाना मागायला गेली तर शनिवारच्या जागा संपलेल्या. रविवारच्या होत्या.

हे प्रकरण ऐकणारे इथे थांबून नेहमी एकच शेरा मारतात: "आधी बुकिंग करायला हवं होतं." मला तो पटत नाही. मंगळवारी रात्री शनिवारच्या जागा होत्या, म्हणजे ते वेळेत होते. गाडं अडलं ते परवाना हातात आल्यावर. एका माणसाच्या नावावर चालणाऱ्या, घड्याळ लावलेल्या कामात चौघांनी एकमताने निर्णय घ्यायचा प्रयत्न केला. परदेशात एकत्र राहणाऱ्या मुलांमध्ये ही एक विचित्र लोकशाही येते: कुणी पुढाकार घेतला तर तो हुकूमशहा वाटेल म्हणून सगळेच नम्र होतात, आणि निर्णय कुणाचाच राहत नाही. घरी आई "गप बसा, मी तिकिटं काढतेय" म्हणते तेव्हा दोन तासांची मुदत कुणाच्या लक्षातही येत नाही, एवढ्या लवकर काम होतं.

बुधवारी मात्र मालवणच्या मुलीने आईसारखंच केलं. चौघांचे क्रमांक आता तिच्याकडे होते. कुणालाही न विचारता तिने रविवारचा परवाना घेतला, लगेच चार तिकिटं काढली, आणि मग ग्रुपवर पावत्या टाकल्या. कुणी काही बोललं नाही. सुटल्यासारखं वाटलं असणार सगळ्यांना.

परतीची बोट तिने साडेपाचची निवडली. त्याविषयी पुढे.

शनिवार, जो वाया गेला नाही

वसतिगृहाचे शुक्रवारचे पैसे बुडवण्यापेक्षा चौघांनी शनिवारची रात्रही तिथेच काढायची ठरवली. शनिवारचा दर शुक्रवारपेक्षा चढा होता, आणि नंतरच्या हिशेबात हाच आकडा ठसठसत राहिला.

पण शनिवार छान गेला, असं चौघंही म्हणतात. सकाळी ते जुन्या गावात आ पेद्राच्या बाजाराजवळच्या गल्लीत गेले. तिथे बायका दगडी टेबलांमागे उभ्या राहून कालवं फोडून विकतात; डझनाची ताटली घ्यायची, लिंबू पिळायचं आणि उभ्याउभ्या खायची. मालवणच्या मुलीने तिथे उगाच जास्त वेळ काढला. तिला त्या बायकांचा सुरी धरायचा हात बघायचा होता. कालवं कच्ची खायची कल्पना पुण्याच्या मुलीला झेपली नाही. तिने शेजारच्या दुकानातून बटाट्याचं ऑम्लेट घेतलं, जे स्पेनमध्ये शाकाहारी माणसाचं शेवटचं आश्रयस्थान आहे. (अंडं चालत असेल तर. नसेल तर ब्रेड आणि टोमॅटो.)

दुपारी सिटी बसने ते सामिलला गेले. हा विगोचा शहरी किनारा: लांबलचक, माणसांनी भरलेला, मागे चालायला रुंद रस्ता आणि समोर सिएस बेटं. परवाना नको, तिकीट नको. मी मुलांना सांगतो की बेटाचा दिवस हुकला तर विगोत रडत बसू नका. सामिलवर पथारी टाका. संध्याकाळी ते कास्त्रोच्या टेकडीवर चढले. तिथून सगळी खाडी दिसते आणि पाण्यावर लाकडी तराफ्यांच्या रांगा दिसतात. त्या तराफ्यांना बातेआ म्हणतात. निलगिरीच्या वाशांची चौकट असते आणि तिच्यावरून पाण्यात कित्येक मीटर लांब दोर सोडलेले असतात. त्या दोरांवर शिनाणे, म्हणजे मसल नावाचे शिंपले, वाढतात. स्पेनमधले बहुतेक शिनाणे गॅलिसियाच्या खाड्यांमधलेच.

ते इतके का वाढतात, याचं उत्तर आणि रविवारी पोहताना काय झालं, याचं उत्तर एकच आहे. उन्हाळ्यात या किनाऱ्यावर उत्तरेकडून वारा सुटतो. विगोचे लोक त्याला नोर्देस म्हणतात. नोर्देस आला की आकाश स्वच्छ, ऊन लख्ख. पण तो वारा वरचं, उन्हाने तापलेलं पाणी किनाऱ्यापासून दूर समुद्रात लोटतो आणि त्याच्या जागी खोलातलं थंड पाणी वर येतं. त्या पाण्यात पोषकद्रव्यं भरपूर असतात. शिनाणे, सार्डिन, सगळं त्यावर पोसलं जातं. म्हणजे हवा जितकी सुंदर, पाणी तितकं गार. ढगाळ, पावसाळी, नैर्ऋत्येच्या वाऱ्याचा दिवस असेल तर पाणी उलट जरा उबदार लागतं. सहलीला येणारा माणूस हवामानाच्या अॅपवर सूर्याचं चित्र बघून पोहायचे कपडे भरतो, आणि तेच चित्र त्याला सांगत असतं की पाण्यात फार वेळ टिकणार नाहीस.

रविवार

रविवारी नोर्देस होता. बोट वेळेवर सुटली. पाऊण तासाचा प्रवास. खाडीत पाणी शांत, शेवटच्या टप्प्यात जरा हेलकावे. इटलीचा मुलगा बोटीच्या मागच्या बाजूला कठड्याला धरून उभा होता आणि क्षितिजावरून नजर काढत नव्हता. कुणी बोललं की तो मान हलवायचा. हे त्या वेळी कुणाच्या फारसं ध्यानात आलं नाही.

रोदासवर उतरल्यावर मालवणच्या मुलीने पिशवी टाकली आणि सरळ पाण्यात शिरली. मला ती म्हणाली, "सर, आमच्याकडे मे महिन्यात समुद्रात शिरलं तरी अंघोळीचं पाणी. इथे गुडघ्यापर्यंत गेले आणि श्वासच अडकला." या दिवसांत तिथलं पाणी सोळा-सतरा अंशांच्या आसपास असतं. ती तरी पोहली; मालवणच्या अब्रूचा प्रश्न होता. बाहेर आली तेव्हा ओठ निळे. मेक्सिकोच्या मुलीने घोट्यापर्यंत पाय भिजवले आणि तेवढ्यावर समाधान मानलं.

ज्यांनी पाण्याला भ्यायचं ठरवलं त्यांना मात्र उन्हाने गाठलं. इथे स्पेनचं घड्याळ समजून घ्यावं लागतं. १९४० मध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या सरकारने देशाचं घड्याळ तासाने पुढे करून बर्लिनच्या वेळेला जुळवलं आणि ते पुन्हा मागे आलंच नाही. विगो तर ग्रिनिचच्याही बरंच पश्चिमेला आहे. शेजारी, मिन्यो नदीपलीकडे, पोर्तुगालचं घड्याळ एक तास मागे. त्यामुळे उन्हाळ्यात विगोत सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी बाराला नाही, पावणेतीनच्या सुमाराला. आपल्या हिशेबाने चार वाजले की ऊन उतरायला लागतं. तिथे चार म्हणजे आपले सव्वा वाजल्यासारखे. पुण्याची मुलगी दोन वाजता टोपी पिशवीत घालून, "आता ऊन उतरेल" म्हणत वाळूत झोपली. वारा गार होता, कातडीला काही कळलं नाही. सावळ्या कातडीला ऊन लागत नाही हा आपल्याकडचा एक लाडका गैरसमज. सोमवारी तिला खांद्यावर दप्तराचा पट्टा ठेववेना.

त्याच घड्याळाने परतीच्या बोटीचाही घोळ केला. साडेपाचची बोट मालवणच्या मुलीने निवडली होती ती "दिवस मावळायच्या आत परतू" या हिशेबाने. जूनच्या शेवटाला विगोत सूर्य मावळतो रात्री दहानंतर. साडेपाच म्हणजे तिथे भर दुपार. त्यानंतरच्याही बोटी होत्या, पण तिकिटावर परतीची वेळ ठरलेली होती आणि रविवारच्या गर्दीत ती बदलून मिळाली नाही. मधल्या बेटावरच्या दीपगृहाची वाट जाऊन-येऊन सुमारे सात किलोमीटर आहे. शेवटची चढण नागमोडी. चौघं अर्ध्यावर गेले, घड्याळ बघितलं आणि वळले. ज्याने ती चढण पुरी केली आहे तो सांगेल की तिथे काय हुकलं: एका बाजूला सगळी खाडी, दुसऱ्या बाजूला नुसता अटलांटिक, आणि खाली कड्यांवर पिवळ्या पायांच्या कुरव पक्ष्यांची वसाहत.

त्या कुरवांशी त्यांची ओळख मात्र झाली. इटलीच्या मुलाने सँडविच उघडलं आणि मागून एक पक्षी येऊन ते अर्धं घेऊन गेला. पक्ष्यांना खायला घालायला बंदी आहे, पण पक्ष्यांनी स्वतः घ्यायला नाही. बेटावर कचऱ्याची पेटी नाही. जे आणलं ते कागद, साली, बाटल्यांसकट परत न्यायचं. वाळूच्या टेकड्यांभोवती दोर बांधलेले आहेत आणि आत पाय ठेवायचा नाही, कारण तिथे अशी झुडपं आहेत जी या किनाऱ्यावर आता थोडीच उरली आहेत.

मालवणच्या मुलीला हे सगळं बघून गंमत वाटत होती आणि थोडा रागही येत होता. १९८७ मध्ये तिच्या गावचा समुद्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला, आणि मालवणात 'अभयारण्य' म्हटलं की आजही मच्छीमारांच्या कपाळावर आठ्या पडतात: आमच्या पोटावर पाय येणार, ही भीती. तिने लहानपणापासून ती बाजू ऐकली आहे. इथे तिने पाहिलं की संरक्षित पाण्यातही कोळी आहेत. परवाना घेऊन, ठरलेल्या जागी, ठरलेल्या पद्धतीने. कड्यांवरचे पेर्सेबेस नावाचे शिंपल्यांसारखे दिसणारे पण खेकड्याच्या कुळातले प्राणी दोराला लटकून काढणारेही आहेत. मर्यादा पर्यटकाला आधी लागू होते. "आमच्याकडे उलट झालं असतं तर," ती म्हणाली, "भांडण इतकं वाढलं नसतं." मी तिच्याशी पूर्ण सहमत नाही, गॅलिसियात उद्यानाच्या नियमांवरून कोळी आणि सरकार यांच्यात कुरबुरी आहेतच. पण १,८०० चा आकडा दिसतो तेव्हा बहुतेक विद्यार्थी चिडतात, आणि ही एक मुलगी होती जिला तो आकडा कुणासाठी आहे हे दिसलं.

साडेपाचच्या बोटीने ते विगोत आले आणि शेवटचा घोळ तिथे झाला. विगोत दोन स्थानकं आहेत. गिशार बंदराला लागून, सपाटीवर. उर्थाइस वर गावात, चढावर, २०१५ मध्ये सुरू झालेल्या वेगवान मार्गाचं. शुक्रवारी ते उर्थाइसला उतरले होते, म्हणून पाय आपोआप तिकडे वळले. तापलेले खांदे, वाळूने भरलेले बूट, पाठीवर कचऱ्याच्या पिशव्या, आणि चढ. वर पोचल्यावर मेक्सिकोच्या मुलीने तिकीट वाचलं: गिशार. पुन्हा उतार. गाडी गेली. पुढची मिळाली, नवं तिकीट काढून.

हिशेब

सोमवारी हिशेब झाला. रेल्वे, बोट, खाणं चौघांत समान वाटलं गेलं. अडलं ते शनिवारच्या जादा रात्रीवर आणि चुकलेल्या गाडीवर. पुण्याची म्हणाली, शनिवारचा खर्च कोड मेल्यामुळे आला, आणि कोड मेला तो इटलीच्या मुलाने वेळ लावल्यामुळे. इटलीचा म्हणाला, परत न मिळणारं वसतिगृह कुणी ठरवलं? दोघांचंही बरोबर होतं. मेक्सिकोच्या मुलीने सगळे पैसे चार भागांत वाटून तिचा भाग पाठवून दिला आणि ग्रुप म्यूट केला. भांडण तिथेच संपलं, कारण एकाने दिले की न देणं लाजिरवाणं होतं.

मी या प्रकरणात दोष वाटायला गेलो तर इटलीच्या मुलाला सगळ्यांत कमी देईन. क्रमांक कशाला हवा हा त्याचा प्रश्न रास्त होता. फक्त तो सोमवारी विचारायला हवा होता, फॉर्म भरायला बसायच्या आधी. पुण्याच्या मुलीचं स्वस्त वसतिगृह ही खरी घाई: मुक्काम पक्का, पण ज्यासाठी मुक्काम तेच कच्चं. मालवणच्या मुलीने मंगळवारी कोड आल्याबरोबर, संदेश टाकायच्या आधी, तिकिटं काढली असती तर बाकी सगळं आपोआप निभावलं असतं, अगदी साडेपाचची बोटसुद्धा. कारण मग शनिवारी अर्धीच राहिलेली वाट रविवारी सामिलवर पडून विसरता आली असती.

सप्टेंबरात, १५ तारखेला हंगाम संपायच्या आत, ते ओन्सला गेले. हे उद्यानातलं दुसरं बेट. तिथे अजून थोडी माणसं राहतात आणि ऑक्टोपस खायला लोक मुद्दाम जातात. या वेळी चौघांऐवजी तिघीच, आणि क्रमांकांची यादी आधीपासून मालवणच्या मुलीच्या फोनमध्ये. परतीची बोट सगळ्यांत उशिराची.

इटलीचा आला नाही. जूनमधल्या त्या रविवारी परतताना त्याने मालवणच्या मुलीला हळूच सांगितलं होतं की त्याला लहानपणापासून बोट लागते, आणि ग्रुपवर तसं लिहायला त्याला लाज वाटत होती. मंगळवारी रात्री ओळखपत्राचा प्रश्न त्याने खरंच मनापासून विचारला होता की वेळ काढायला, हे मी तिला विचारलं. ती म्हणाली, "थोडं थोडं दोन्ही असणार. पण आम्ही त्याला आल्याची गोळी दिली असती ना, सर. माझ्या पेटीत होती."